जुन्या फोटोतली जर्मन युद्धनौका कशी ओळखावी

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन नौदलाचे फोटो आज नेटवर ढिगानं मिळतात, पण त्यांच्याखाली लिहिलेल्या नावांवर विसंबलात तर फसलात. मोठी तोफ दिसली की 'बिस्मार्क', पाण्यात काही काळं लांबट दिसलं की 'यू-बोट' (जर्मन पाणबुडी) आणि मधलं सगळं 'क्रूझर', असा कारभार असतो. खरं तर जहाजं ओळखायला शिकायचं तर हे नौदल फार सोयीचं, कारण ते लहान होतं. ब्रिटिशांकडे नुसत्या क्रूझरच पन्नासच्या वर होत्या. जर्मनीची युद्धात उतरलेली मोठी जहाजं, अगदी जुनाट बॅटलशिपपासून (म्हणजे सगळ्यात मोठ्या, जाड चिलखताच्या युद्धनौकेपासून) हलक्या क्रूझरपर्यंत (मधल्या आकाराच्या, वेगवान युद्धनौकेपर्यंत) सगळी धरली, तरी १८ भरतात. त्यांची ठेवण लक्षात ठेवायला एक संध्याकाळ पुरते.

सुरुवातीलाच एक सांगतो. जहाज 'केवढं वाटतं' यावर कधीही जाऊ नका. फोटोत आजूबाजूला नुसतं पाणी असतं, मोजायला दुसरं काही नसतं. त्यात जर्मन आरेखनकारांनी लहान-मोठ्या जहाजांची बाह्यरेषा जवळपास एकच ठेवली होती. डोळा फसतो, मोजणी सहसा फसत नाही.

पायरी १ : आधी युद्ध कुठलं ते ठरवा

निम्मे घोळ इथेच होतात. पांढऱ्या कापडावर काळा क्रॉस असलेला झेंडा दिसला तर ते कैसरचं नौदल, म्हणजे पहिलं महायुद्ध. लाल कापडावर स्वस्तिक असेल तर १९३५ नंतरचं क्रीग्समरीन, म्हणजे हिटलरच्या काळातलं नौदल. झेंडा दिसतच नसेल तर धुराडी बघा.

याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे एमडेन. २२ सप्टेंबर १९१४च्या रात्री मद्रासवर गोळे टाकून तेलाच्या टाक्या पेटवणारी एमडेन तीन उंच धुराड्यांची होती. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांजवळ ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी'नं तिचा निकाल लावला. दुसऱ्या महायुद्धातली एमडेन वेगळी; ती १९२५ साली पाण्यात उतरली आणि तिला दोन धुराडी. मद्रासच्या हल्ल्यावरच्या लेखात दोन धुराड्यांची एमडेन छापलेली दिसली, तर फोटो चुकलाय हे बिनदिक्कत सांगा.

पायरी २ : बुरूज मोजा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे वेळ घ्या. टरेट म्हणजे मुख्य तोफा बसवलेला फिरता बुरूज. पुढे किती, मागे किती आणि प्रत्येकात नळ्या किती, एवढं मोजायचं. जहाज बाजूने दिसत असेल तर नळ्या एकमेकींआड जातात, तेव्हा नुसते बुरूज मोजले तरी चालतं. समोरून काढलेल्या फोटोत मागचे बुरूज दिसत नाहीत, पण पुढच्या बुरुजातल्या नळ्या स्वच्छ मोजता येतात.

पुढे दोन, मागे एक आणि प्रत्येकात तीन नळ्या : शार्नहोर्स्ट किंवा ग्नायझेनाउ. २८ सेंटिमीटरच्या नऊ तोफा. जर्मन त्यांना बॅटलशिप म्हणत, ब्रिटिश बॅटलक्रूझर.

पुढे एक, मागे एक, तीन-तीन नळ्या : डॉइचलंड, अॅडमिरल शेअर किंवा अॅडमिरल ग्राफ श्पे. हीच ती 'पॉकेट बॅटलशिप'.

पुढे एक, मागे दोन, तीन-तीन नळ्या : हलकी क्रूझर, १५ सेंटिमीटरच्या तोफांची. यात पाच जहाजं येतात. सहावी हलकी क्रूझर म्हणजे आपली दोन धुराड्यांची एमडेन; तिला बुरूज नाहीत, सुट्या तोफांना नुसत्या ढाली.

पुढे दोन, मागे दोन, प्रत्येकात दोनच नळ्या : इथे मात्र थांबा. हे बिस्मार्क आणि टिर्पिट्झही असू शकतं आणि हिपर वर्गातली जड क्रूझरही, म्हणजे अॅडमिरल हिपर, ब्ल्युशर किंवा प्रिन्त्स ऑयगेन. पहिल्या जोडीच्या तोफा ३८ सेंटिमीटरच्या, दुसऱ्या त्रिकुटाच्या २०.३ सेंटिमीटरच्या. ताकदीत जमीनअस्मानाचा फरक, पण क्षितिजावर दोन्ही सारख्याच दिसतात.

हा घोळ आपलाच होतो असं नाही. २४ मे १९४१च्या पहाटे डेन्मार्कच्या सामुद्रधुनीत (आइसलंड आणि ग्रीनलंडच्या मधे) प्रिन्त्स ऑयगेन पुढे होती आणि बिस्मार्क मागे. आदल्या संध्याकाळी ब्रिटिश क्रूझरवर तोफा डागताना बसलेल्या स्वतःच्याच हादऱ्यानं बिस्मार्कचं पुढचं रडार बंद पडलं होतं, म्हणून क्रम बदललेला. ब्रिटिशांच्या 'हूड'नं पुढचं जहाज म्हणजेच बिस्मार्क असं धरून पहिला मारा प्रिन्त्स ऑयगेनवर केला. शेजारच्या 'प्रिन्स ऑफ वेल्स'नं मात्र बिस्मार्क बरोबर ओळखली. थोड्याच मिनिटांत हूडचा स्फोट झाला. १,४१८ जणांपैकी तिघे वाचले. हूड बुडाली ती केवळ या चुकीमुळे, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण आयुष्य समुद्रावर काढलेल्या माणसांनाही दुर्बिणीतून हा फरक पटकन कळला नाही, हे खरं.

मग आपण कसा ओळखायचा? जहाजाच्या मधल्या भागात कडेला बघा. बिस्मार्कला दोन्ही बाजूंना तीन-तीन दुय्यम बुरूज आहेत, प्रत्येकात १५ सेंटिमीटरच्या दोन तोफा. हे चारी बाजूंनी बंद, ठसठशीत डबे असतात आणि बहुतेक फोटोंत दिसतात. हिपर वर्गात ते नाहीतच. तिथे फक्त विमानविरोधी १०.५ सेंटिमीटरच्या जोडतोफा, मागून उघड्या. कडेला बंद बुरूज दिसले तर बिस्मार्क किंवा टिर्पिट्झ, नाहीतर क्रूझर.

पायरी ३ : डोलकाठी, धुराडं, नाळ

वर्ग कळला की नावाकडे वळायचं.

शार्नहोर्स्ट आणि ग्नायझेनाउ या बहिणींत मागची डोलकाठी बघा. ती धुराड्याला चिकटून असेल तर ग्नायझेनाउ, धुराड्यापासून बरीच मागे सुटी उभी असेल तर शार्नहोर्स्ट. हा बदल १९३९च्या दुरुस्तीतला, त्यामुळे त्याआधीच्या फोटोंना ही खूण लागू नाही. त्याच सुमारास दोघींची नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोकही बदललं. आधी ती सरळ उभी होती. उत्तर अटलांटिकच्या लाटा थेट पुढच्या बुरुजावर चढायच्या, म्हणून पुढे झुकलेली, वर उचललेली नाळ बसवली. हिपर आणि ब्ल्युशरचीही तीच गोष्ट. थोडक्यात, सरळ नाळ दिसली की फोटो बहुधा युद्धाच्या आधीचा.

हलक्या क्रूझर सोप्या. दोन धुराडी असतील तर क्योनिग्सबर्ग, कार्ल्सरूह किंवा क्योल्न; एकच असेल तर लाइप्झिग किंवा न्युर्नबर्ग. वरून घेतलेला फोटो असेल तर आणखी एक गंमत दिसते : पहिल्या तिघींचे मागचे दोन बुरूज मध्यरेषेवर नाहीत, एक डावीकडे सरकलेला, एक उजवीकडे.

पॉकेट बॅटलशिपबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं, कारण तिचा चमत्कारिक आकार हा एका तहाचा परिणाम आहे. व्हर्सायच्या तहानं जर्मनीला १०,००० टनांपेक्षा मोठं जहाज बांधायला मनाई केली होती. जर्मनांनी त्या चौकटीत (कागदावर तरी) क्रूझरचं अंग, २८ सेंटिमीटरच्या सहा तोफा आणि लांब पल्ल्याची डिझेल इंजिनं बसवली. जी जहाजं गाठतील त्यांच्यापेक्षा तोफा मोठ्या आणि ज्यांच्या तोफा मोठ्या त्यांच्यापेक्षा वेग जास्त, असा हिशेब. ओळखायचं तर ब्रिज, म्हणजे जिथून जहाज चालवतात तो मनोरा बघा. शेअर आणि श्पे यांचा मनोरा जाडजूड, सुळक्यासारखा. डॉइचलंडचा सडपातळ नळीसारखा. शेअरचा मनोरा १९४० साली बदलून बारीक केला गेला, त्यामुळे नंतरच्या फोटोंत शेअर आणि डॉइचलंड यांची गल्लत होते. डॉइचलंडचं नावही दरम्यान 'ल्युत्सो' झालं होतं. 'जर्मनी' नावाचं जहाज बुडालं तर जगात काय दिसेल, ही धास्ती!

ग्राफ श्पेचे फोटो बघताना आणखी सावध राहा, कारण शिकारीवर असताना तिनं खोटं धुराडं आणि खोटा बुरूज उभारून वेषांतर केलं होतं. १३ डिसेंबर १९३९ला दक्षिण अमेरिकेत प्लेट नदीच्या मुखाशी तीन क्रूझरनी तिला गाठलं. त्यांतली एक होती न्यूझीलंडची 'अकिलीस'. श्पे माँटेव्हिडिओत शिरली आणि १७ तारखेला कप्तान लांग्सडोर्फनं ती स्वतःच बुडवली. अकिलीस १९४८ साली भारतानं घेतली, तिचं नाव 'दिल्ली' ठेवलं आणि १९६१च्या गोवा मुक्तीच्या मोहिमेत तिच्या तोफा दीवला पोर्तुगीजांवर चालल्या. आयएनएस दिल्लीचे जुने फोटो आपल्याकडे सहज मिळतात. पुढे दोन, मागे एक अशी तिची जोडतोफांची मांडणी श्पेच्या एक-एक बुरुजाशेजारी ठेवून बघा.

पायरी ४ : रंगावर विश्वास ठेवू नका, पण त्याचा उपयोग करा

नाळेवर पांढरी लाट दिसली म्हणजे जहाज वेगात आहे असं नाही. ती रंगवलेलीही असते. बिस्मार्कवर तशी खोटी लाट होती, दोन्ही टोकांना गडद रंग होता आणि अंगावर काळे-पांढरे तिरके पट्टे. नॉर्वेत बर्गनजवळच्या खाडीत असताना ते पट्टे रंगवून झाकले. म्हणून शेवटच्या लढाईच्या चित्रात बिस्मार्क पट्ट्यापट्ट्यांची दिसली, तर चित्रकारानं गृहपाठ केलेला नाही.

आणि डेकवर विमानं घेऊन निघालेली जर्मन विमानवाहू नौका दिसली, तर फोटो सरळ बनावट. 'ग्राफ झेपेलिन' डिसेंबर १९३८ला पाण्यात उतरली, पण पूर्ण कधीच झाली नाही.

पायरी ५ : लहान जहाजं

विनाशिकांसाठी (डिस्ट्रॉयर) तोफा मोजणं पुरतं. पाच सुट्या तोफा, पुढे दोन आणि मागे तीन, तर सुरुवातीच्या २२ पैकी एक. पुढे दोन नळ्यांचा बंद बुरूज असेल तर नंतरची, १५ सेंटिमीटरवाली. अंगावर दोन आकडी क्रमांक रंगवलेला असेल तर फोटो युद्धाआधीचा, आणि तो क्रमांक म्हणजे जहाजाचा 'झेड' क्रमांक (झेड-१, झेड-२ असा) नव्हे. एप्रिल १९४०मध्ये नार्विकला दोन लढायांत दहा विनाशिका गेल्या, म्हणजे हाती असलेल्यांतल्या निम्म्या. त्यामुळे सुट्या तोफांच्या पहिल्या विनाशिकांचे फोटो बहुतांशी त्याआधीचे.

सुमारे ३५ मीटरची, जवळपास ४० नॉटनं पळणारी टॉर्पेडो बोट म्हणजे एस-बोट. तिला ब्रिटिश 'ई-बोट' म्हणत, म्हणून एकाच बोटीला दोन नावं सापडतात.

पायरी ६ : पाणबुड्या

सगळ्यात जास्त फोटो यांचेच. प्रकार बरेच असले तरी नव्वद टक्के वेळा प्रश्न एवढाच असतो : सातवा प्रकार की नववा? सातव्याची लांबी ६७ मीटर, डेक अरुंद आणि दोन्ही कुशींना फुगीर टाक्या. डेकवरची ८.८ सेंटिमीटरची तोफ मनोऱ्याच्या अगदी पुढ्यात. नववा ७६ मीटरच्या वर, डेक रुंद आणि सपाट, १०.५ सेंटिमीटरची तोफ मनोऱ्यापासून चांगली पुढे. १९४३पासून बहुतेकांवरच्या या तोफा काढून टाकल्या, म्हणजे तोफ नसणं ही काळाची खूण झाली. मनोऱ्यावर मोठ्या अक्षरांत क्रमांक असेल तर फोटो युद्धाआधीचा. युद्ध सुरू झाल्यावर त्याजागी चित्रं आली. स्कापा फ्लो या ब्रिटिश नौदलतळात शिरून 'रॉयल ओक' ही बॅटलशिप बुडवणाऱ्या यू-४७वरचा फुरफुरणारा बैल सगळ्यांत प्रसिद्ध.

सुभाषबाबू फेब्रुवारी १९४३ला कीलहून निघाले ती यू-१८० नवव्या प्रकारातलीच, पण लांब पल्ल्यासाठी वाढवलेली, ८७ मीटरच्या वर. मादागास्करजवळ एप्रिलमध्ये ते आणि आबिद हसन रबरी बोटीतून जपानी पाणबुडी आय-२९ वर गेले. या प्रवासाच्या लेखांसोबत सर्रास सातव्या प्रकारच्या पाणबुडीचा फोटो लावलेला असतो.

पायरी ७ : मालवाहू दिसतं ते मालवाहूच असेल असं नाही

ही पायरी फोटोवरून सुटत नाही. जर्मनीनं काही मालवाहू जहाजांत झडपांआड १५ सेंटिमीटरच्या तोफा दडवून ती शिकारीला सोडली. दर काही आठवड्यांनी नवा रंग, नवं नाव, दुसऱ्या देशाचा झेंडा. 'पिंग्विन' ८ मे १९४१ला हिंदी महासागरात ब्रिटिशांच्या 'कॉर्नवॉल'पुढे 'टॅमरलेन' नावाचं नॉर्वेजियन जहाज बनून उभी होती. लढाईत तिचा स्फोट झाला. अशा जहाजाच्या बाबतीत फोटोपेक्षा तिचं शांतताकाळातलं नाव शोधा. पिंग्विन म्हणजे हान्सा कंपनीचं 'कांडेलफेल्स' आणि 'अटलांटिस' म्हणजे 'गोल्डेनफेल्स'. मूळ नावाचे फोटो मिळाले की क्रेन, डोलकाठ्यांचं अंतर आणि ब्रिजची ठेवण ताडून बघता येते.

या दोघींची सख्खी बहीण आपल्या मुरगावात होती. 'एहरेनफेल्स' १९३९ साली युद्ध सुरू होताच पोर्तुगीजांच्या तटस्थ बंदरात येऊन अडकली आणि मार्च १९४३ला कलकत्ता लाइट हॉर्सच्या प्रौढ हौशी शिपायांनी छापा घातला तेव्हा तिथेच बुडाली. पिंग्विन वेषांतराआधी कशी दिसत असेल ते बघायचं तर एहरेनफेल्सचे फोटो शोधा.

सरावासाठी

मोठ्या जहाजांपैकी एकही आज पाण्यावर नाही, पण तीन पाणबुड्या आत जाऊन बघता येतात : सातव्या प्रकारची यू-९९५ कीलजवळ लाबोला, नवव्याची यू-५०५ शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात आणि अगदी शेवटच्या, गुळगुळीत अंगाच्या एकविसाव्या प्रकारची यू-२५४० ब्रेमरहाफनला. तिन्हींचे अलीकडचे रंगीत फोटो एकाच कोनातून शेजारी लावा. डेकची रुंदी आधी बघा, मनोरा नंतर. लाबोला जाणं झालंच तर स्मारकाच्या आवारात प्रिन्त्स ऑयगेनचा पंखाही (प्रॉपेलर) ठेवलेला आहे.