यादीत एकेचाळीस, बंबावर तिघं: स्वयंसेवी अग्निशमन दल चालवताना या चुका टाळा

मंगळवार, सकाळचे अकरा. पेजर वाजला: घरात धूर, स्वयंपाकघर. त्या दिवशी मी घरून काम करत होतो, म्हणून लॅपटॉप तसाच टाकून पाच मिनिटांत स्टेशनवर पोचलो. बंब सुरू होता. ड्रायव्हरच्या सीटवर सत्तरी ओलांडलेले आमचे एक ज्येष्ठ सभासद, मागच्या सीट रिकाम्या. दोन मिनिटांनी एक नर्स धावत आली, रात्रपाळी करून नुकती कुठे आडवी झालेली. आम्ही तिघं निघालो. भिंतीवरच्या फळ्यावर एकेचाळीस नावं होती. शेगडीवर पातेलं करपलं होतं, एवढ्यावरच निभावलं.

मी पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावात राहतो. इथल्या स्वयंसेवी फायर कंपनीत, म्हणजे अग्निशमन दलात, अकरा वर्षं आहे, त्यातली तीन कॅप्टन म्हणून. पुण्या-नाशिकहून इकडे आलेल्या कितीतरी घरांना हे ठाऊकच नसतं की आपल्या गल्लीत येणाऱ्या बंबावर बिनपगारी शेजारी असतात: प्लंबर, शाळेतली शिक्षिका, किराणा दुकानातला पोरगा. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली, इतकी जुनी ही इथली रीत. पण १९७०च्या दशकात या राज्यात सुमारे ३ लाख स्वयंसेवक होते, ते २०१८च्या विधिमंडळाच्या अहवालापर्यंत ३८ हजारांच्या आसपास आले.

माणसं आटली हे खरंच. तरीही मी जवळून पाहिलेली दलं खिळखिळी झाली ती बरीचशी पुढारपणातल्या चुकांनी. त्यातल्या काही आम्हीही केल्या.

नावं मोजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वार्षिक सभेत चीफ अभिमानाने सांगतात, ‘आपले एकेचाळीस सभासद आहेत.’ त्यातले दहा जण तासाभरावर नोकरीला जातात, सहा जणांनी गाव सोडलंय, काही फक्त वर्गणी भरतात. आणि नियम तर साफ आहे: जळत्या घरात दोघं शिरले, तर दोघं बाहेर तयार उभे हवेत. आत कुणी अडकलंय हे नक्की असेल तेव्हाच त्याला अपवाद. म्हणजे नुसतं आत जायचं तरी चौघं, शिवाय पंप चालवायला एक आणि हुकूम द्यायला एक. एनएफपीए या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेचं १७२० क्रमांकाचं मानक ग्रामीण भागासाठी हेच सांगतं: सहा माणसं, चौदा मिनिटांत, दहापैकी आठ वेळा.

उपाय कागदावर सुरू होतो. मागच्या सहा महिन्यांचे कॉल काढा. प्रत्येकापुढे वार, वेळ, कोण आलं आणि आलेला माणूस काय करू शकतो ते लिहा: बंब चालवतो, पंप चालवतो, एअर पॅक (पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क) घालून आत जातो, की रस्त्यावरची वाहतूक सांभाळतो. आम्ही दोन रविवार बसून हा तक्ता केला. सोमवार ते शुक्रवार, सकाळी सहा ते संध्याकाळी पाच या वेळात आत जाऊ शकणारी माणसं निघाली चार. तक्ता टेबलावर ठेवला तेव्हा खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग गोष्टी हलल्या. दिवसाच्या वेळेत घराच्या आगीचा कॉल आला की शेजारच्या दोन गावांना पहिल्याच पेजरला बोलवायचं ठरलं. त्याआधी आम्ही वाट बघायचो, कुणी आलं नाही की दुसऱ्यांदा पेजर वाजायचा आणि मग शेजाऱ्यांना हाक जायची. तेवढ्यात आठ-दहा मिनिटं सहज जातात. शेजाऱ्यांना बोलावणं म्हणजे कमीपणा, ही समजूत काही जुन्या मंडळींच्या मनातून जायला वर्ष लागलं. घर पेटल्यावर विहीर खणायला निघायचं आणि वर अब्रूची काळजी करायची, याला काही अर्थ नाही. दुसरं म्हणजे गावाच्या रस्ते विभागातले कर्मचारी दिवसभर गावातच असतात. त्यांना कॉलवर जायची सवलत मिळावी म्हणून बरोच्या, म्हणजे गावाच्या, कौन्सिलकडे अर्ज केला. तिघं आले.

नव्या माणसाला पहिल्या महिन्यात हरवणं

एक तरुण आला होता, तिशीतला, छान दाढी राखलेला. तिसऱ्याच ड्रिलला एका वरिष्ठाने सगळ्यांसमोर सुनावलं, ‘दाढी काढ, मग ये.’ तो पुन्हा आलाच नाही. कारण समजावून सांगायला दोन मिनिटं पुरली असती. एअर पॅकच्या मास्कची रबरी कड गालाला आणि हनुवटीला घट्ट बसावी लागते, मध्ये केस आले की फट राहते आणि धूर आत शिरतो. म्हणून दरवर्षी फिट टेस्ट होते. हे मास्क हातात देऊन दाखवलं असतं, तर त्याने दाढी काढली असती किंवा पंपाचं काम मागितलं असतं. दोन्ही आम्हाला हवं होतं.

आत जाणाऱ्या माणसाचं प्राथमिक प्रशिक्षण शंभराहून जास्त तासांचं आहे, तेही नोकरी-संसार सांभाळून, रात्री आणि शनिवार-रविवारी. प्रत्येकाने आगीत शिरलंच पाहिजे हा हट्ट सोडा. हिशेब ठेवणारा, अनुदानाचे अर्ज लिहिणारी, रेडिओ सांभाळणारा, यांनाही तोच टी-शर्ट आणि तोच मान द्या. नव्या माणसाला पहिल्या दिवशीच एक सोबती नेमून द्या, जो त्याला फोन करेल.

लोकप्रियतेवर चीफ निवडणं

बहुतेक स्वयंसेवी कंपन्यांत चीफ मतदानाने ठरतो. गणेशोत्सव मंडळाचा अध्यक्ष कसा ठरतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यातली गोम लगेच कळेल: ज्याचे मित्र जास्त, किंवा ज्याचे वडील आधी त्या पदावर होते, तो. मंडळात त्याने फार तर मिरवणूक लांबते. इथे माणसं जखमी होतात.

निवडणूक बंद करा असं मी म्हणणार नाही, आपल्याला आत पाठवणारा माणूस आपण निवडावा यात मोल आहे. पण उभं राहण्याची पात्रता कंपनीच्या घटनेत आधी लिहा: कोणकोणती प्रशिक्षणं, किती वर्षं कॅप्टन किंवा लेफ्टनंट, मागच्या वर्षी किती कॉलना हजर. आणि हे निवडणुकीच्या वर्षभर आधी मंजूर करून घ्या. ऐनवेळी आणलंत तर तो कुणा एकाला पाडायचा डाव वाटतो, आणि बऱ्याचदा असतोही.

निवडून आलेल्या चांगल्या चीफचीही एक सवय मोडावी लागते. वीस वर्षं नळी धरलेला माणूस चीफचं पांढरं हेल्मेट मिळालं तरी पहिल्या ज्वाळेला नळीकडेच धावतो. मग कोण आत आहे, कुणाची हवा संपत आली, छप्पर कसं दिसतंय, हे बघायला बाहेर कुणी उरत नाही. ड्रिलमध्ये चीफला मुद्दाम रेडिओ आणि कोण आत आहे ते टिपायची पाटी घेऊन अंगणात उभं करा. एका अधिकाऱ्याच्या हाताखाली पाच जण बरे, सातच्या वर गेले की माग राहत नाही.

कंपनीचा अध्यक्ष आणि चीफ यांच्यातली भांडणं हा आणखी एक जुना आजार. पैसा, इमारत, सभासदत्व अध्यक्षाकडे. कॉल, प्रशिक्षण, गाड्या चीफकडे. सीमारेषा एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

पैशांसाठी तीच दहा माणसं झिजवणं

चिकन बार्बेक्यू, बिंगो, पॅनकेकचा नाश्ता. कोंबड्या भाजणारे हात आणि रात्री दोनला येणारे हात तेच असतील, तर वर्षभरात ते थकतात. जेवणावळीला गावातली दुसरी माणसं मागा, लोक येतात. फेमा या केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचं ‘सेफर’ नावाचं अनुदान स्वयंसेवक मिळवण्या-टिकवण्यासाठीही असतं, त्याला अर्ज करा. २०१६च्या १७२ क्रमांकाच्या कायद्याने इथल्या गावांना स्वयंसेवकांना करसवलत देता येते. तुमच्या कौन्सिलने ठराव केलाय का ते विचारा. चेकवर दोन सह्या, आणि बँकेचं स्टेटमेंट दर महिन्याला खजिनदाराशिवाय आणखी एकाने बघायचं. मित्र असला तरी.

शरीर आणि मन गृहीत धरणं

अमेरिकेत ड्युटीवर दगावणाऱ्या फायरफायटर्समध्ये हृदयविकार हे वर्षानुवर्षं सर्वांत मोठं कारण राहिलं आहे. पंचावन्न-साठीच्या सभासदाला तपासणीला पाठवताना संकोच करू नका. तपासणीनंतर आत जाणं थांबलं तरी त्याला ड्रायव्हर, पंप, प्रशिक्षण यातलं काम त्याच दिवशी सांगा, म्हणजे ते त्याला घरी बसवल्यासारखं वाटत नाही.

छोट्या गावात गाडी कापून बाहेर काढलेला माणूस ओळखीचा निघतो. कुणाच्या तरी मुलीचा वर्गमित्र, कुणाचा न्हावी. अशा कॉलनंतर नळ्या धुऊन, गाड्या लावून सगळे गप घरी गेले, की पुढच्या दोन महिन्यांत एकदोघं कॉलला यायचे बंद होतात. यादीवर त्यांचं नाव तसंच राहतं आणि सगळे म्हणतात, ‘आळशी झालाय.’ आता आम्ही अशा कॉलनंतर कॉफी ठेवतो, कुणालाही लगेच घरी जाऊ देत नाही. आणि सहा आठवडे न दिसलेल्या प्रत्येकाला कॅप्टनने स्वतः फोन करायचा, हजेरीचा विषय न काढता. मागच्या हिवाळ्यात मी असे पाच फोन केले. एकाची आई आजारी होती, एकाची नोकरी गेली होती. तिसरा बराच वेळ बोलत राहिला, त्या अपघाताबद्दल. दोन गुरुवारांनी तो ड्रिलला आला आणि न सांगता नळ्या गुंडाळायला लागला.