लिंकन यांची पत्रं उद्धृत करताना या चुका टाळा

महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर अब्राहम लिंकन यांचं मुलाच्या शिक्षकांना लिहिलेलं पत्र लावलेलं असतं. शिक्षकदिनाला त्याचं वाचन होतं, निरोपसमारंभात त्यातल्या ओळी म्हटल्या जातात. मजकूर सुंदर आहे, पण तो लिंकन यांनी लिहिल्याचा पुरावा नाही. मूळ कागद सापडलेला नाही आणि १९५३ साली निघालेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या आठ खंडांतही तो नाही. शंका यावी अशी खूण मजकुरातच आहे: गाव नाही, तारीख नाही, शिक्षकांचं नाव नाही. लिंकन यांच्या पत्रांच्या माथ्यावर बहुधा ठिकाण आणि तारीख असते, खाली 'ए. लिंकन' अशी आटोपशीर सही. शिवाय १८६१ साली ते अध्यक्ष झाले तेव्हा थोरला मुलगा रॉबर्ट हार्वर्डमध्ये शिकत होता, आणि धाकट्या विली व टॅड यांना शिकवायला शिक्षक व्हाइट हाउसमध्येच येत.

भिंतीवर लिंकन हवेच असतील, तर २२ जुलै १८६० चं पत्र लावा. रॉबर्टचा मित्र जॉर्ज लेथम हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला होता. लिंकन तेव्हा अध्यक्षपदाचे उमेदवार होते, तरी त्यांनी त्या मुलाला स्वतः लिहिलं. तुझं अपयश ऐकून आयुष्यात क्वचितच एवढं दुःख झालं असेल. पण मन खचू दिलं नाहीस तर यात फारसं काही बिघडलेलं नाही, एकदा प्रयत्नाला हात घातलास, आता यश मिळवलंच पाहिजेस, असा त्याचा आशय आहे. हे पत्र खरं आहे आणि नापास झालेल्या कुठल्याही मुलाच्या हातात आज ठेवता येईल.

अर्धं पत्र उचलणं

अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाच्या काळात, वृत्तपत्राचे संपादक होरेस ग्रीली यांना २२ ऑगस्ट १८६२ रोजी लिहिलेल्या पत्रातलं एक वाक्य वादात हमखास फेकलं जातं: एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचवता आलं, तर मी तसं करीन. तेवढंच वाचलं की लिंकन यांना गुलामगिरीचं काहीच वाटत नव्हतं असं होतं. पुढे त्याच पत्रात ते सांगतात की ही माझ्या पदाच्या कर्तव्याची भूमिका आहे. सगळीकडची सगळी माणसं मुक्त असावीत, ही माझी वैयक्तिक इच्छा तशीच आहे. आणि हे लिहिण्याच्या महिनाभर आधी, २२ जुलैला, गुलामांच्या मुक्तीच्या घोषणेचा मसुदा त्यांनी मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. पत्राचा शेवट आणि त्या महिन्याच्या घडामोडी वगळून हे वाक्य वापरणं अन्यायाचं आहे, मग ते लिंकन यांच्या बाजूनं असो की विरोधात.

एकाच पत्रावरून माणूस ठरवणं

ही चूक मला सगळ्यांत गंभीर वाटते, कारण ती अभ्यासू माणसंही करतात. १८४१ साली लिंकन आणि त्यांचा जिवलग मित्र जोशुआ स्पीड यांनी लुइव्हिलहून सेंट लुइसपर्यंत आगबोटीनं प्रवास केला. बोटीवर साखळीनं एकत्र जखडलेले डझनभर गुलाम होते. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला जोशुआच्या बहिणीला, मेरी स्पीडला, लिहिताना लिंकन सांगतात की मासळी गळाच्या दोरीला लावावी तसे ते जखडले होते, आणि तरीही बोटीवर सर्वांत आनंदी तेच दिसत होते. पुढे १४ वर्षांनी, २४ ऑगस्ट १८५५ रोजी, तेच दृश्य ते जोशुआला आठवण करून देतात आणि म्हणतात, ते मला सतत छळत राहिलं.

प्रसंग एकच, लिहिणाराही एकच. पहिलं पत्र पाहुणचार घेऊन परतलेल्या तरुण वकिलाचं आहे, गुलाम बाळगणाऱ्या घरातल्या बाईला लिहिलेलं. दुसरं नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी करणाऱ्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यानं अस्वस्थ झालेल्या राजकारण्याचं, गुलामगिरीच्या प्रश्नावर दुरावत चाललेल्या मित्राला. यातलं फक्त एक पत्र घेऊन लिंकन यांच्या मनाचा निवाडा करू नका. दोन्ही शेजारी ठेवा, कुणाला लिहिलंय ते पाहा, मधल्या वर्षांत काय घडलं ते वाचा.

लिहिलं म्हणजे पाठवलं असं धरणं

यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर दक्षिणेचा सेनापती जनरल ली पोटोमॅक नदी ओलांडून निसटला. १४ जुलै १८६३ रोजी लिंकन यांनी उत्तरेचे सेनापती जनरल मीड यांना, लीला निसटू दिल्याबद्दल, अतिशय कडक पत्र लिहिलं. पाकिटावर त्यांच्याच हातची नोंद आहे: पाठवलं नाही, सही केली नाही. 'लिंकन यांनी मीडना खडसावलं' असं लिहिण्याआधी ही नोंद वाचा.

वकिलीचे कागद बाजूला ठेवणं

हे कागद रुक्ष वाटतात, पण स्वभाव तिथेच उघडा पडतो. २१ फेब्रुवारी १८५६ रोजी जॉर्ज फ्लॉइड या आपल्या अशिलाला त्यांनी कळवलं की एवढ्या कामाला १५ डॉलर पुरेत, आणि आलेल्या २५ मधले १० परत पाठवले. फक्त सहीवर विसंबू नका. स्टुअर्ट, लोगन आणि हर्नडन या भागीदारांबरोबरच्या कागदांवर बऱ्याचदा फर्मचं नाव असतं, त्यामुळे मजकुराचं अक्षर कुणाचं हे वेगळं तपासावं लागतं.

तारखेवर डोळे मिटून विश्वास ठेवणं

१९२८-२९ मध्ये एका नामांकित अमेरिकन मासिकानं लिंकन आणि त्यांची तरुणपणीची प्रेयसी मानली जाणारी अ‍ॅन रटलेज यांची 'प्रेमपत्रं' छापली. त्यात कॅन्ससचा उल्लेख होता. अ‍ॅन १८३५ मध्येच वारली, आणि त्या नावाचा प्रदेश १८५४ पर्यंत अस्तित्वात नव्हता. पत्रं बनावट निघाली.

कधी कागद खरा असतो आणि तारीख खोटी. एका सैनिकाच्या माफीच्या हुकमावर १८६४ च्या जागी १८६५ केलेलं २०११ साली उघड झालं. त्यामुळे तो लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली त्याच दिवसाचा, १४ एप्रिलचा, वाटत होता. समग्र लेखनाच्या छापील खंडात मात्र १८६४ हेच साल होतं. अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस' या ग्रंथालयातल्या पत्रांची छायाचित्रं इंटरनेटवर फुकट आहेत, आणि ते खंडही मिशिगन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. दोन्ही उघडून ताडून पाहायला दहा मिनिटं पुरतात.