सोलापुरात बसून क्रूझिंग सेलबोट कशी पारखायची

आपल्याकडून समुद्र लांब, त्यामुळे बोट पहिल्यांदा दिसते ती फोटोत, आणि फोटोत काय असतं तर सोफा, पॉलिश केलेलं लाकूड, चकचकीत पांढरी डेक. ते सगळं जरा बाजूला ठेवा. क्रूझिंग बोट म्हणजे जिच्यावर दोन-चार माणसं आठवडेच्या आठवडे राहणार, रात्रीपण चालवणार, आणि वारा असला की ती कायम एका अंगाला कललेली असणार. म्हणून ती पारखायची पण तशीच, कललेली, रात्रीची, दमलेल्या माणसाच्या हिशोबाने. आणि सुरुवात पाण्याखालून करायची.

ड्रॉइंगमधे सगळ्यात आधी कील बघा. पोटाखालचा तो माशाच्या पंखासारखा जड भाग, शिशाचा नाहीतर बिडाचा, तो दोन कामं करतो, बोट कलली की परत उभी करतो आणि वाऱ्याने आडवं सरकू देत नाही. लांब कील असेल तर बोट सरळ चालते, सुकाणू मागे कीललाच चिकटलेलं म्हणून कशावर आपटायची भीती कमी, पण बंदरात रिव्हर्स घेताना घाम काढते. अरुंद फिन कील चपळ असते, वाऱ्याच्या तोंडावर जास्त चांगली चढते, पण तिथे कीलचे बोल्ट आणि जोड नीट तपासायचे, गंजाचे ओघळ किंवा जोडावर चीर दिसली तर थांबायचं. आपल्या नौदलातून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी २०२२ च्या गोल्डन ग्लोब रेसमधे, म्हणजे एकट्याने न थांबता जगाला फेरी मारायच्या शर्यतीत, दुसरे आले ती बोट रस्टलर ३६, जुन्या धाटणीची लांब कीलवाली, म्हणजे हे डिझाईन म्युझियममधे ठेवायचं नाहीये. माझं मत विचाराल तर दोघांनी लांब जायचं असेल तर मध्यम लांबीची कील आणि सुकाणूच्या पुढे स्केगचा, म्हणजे तळाला पक्क्या बसवलेल्या छोट्या पंखाचा आधार, हे बरं. आणि कोकणातल्या खाड्यांमधे शिरायचं असेल तर दोन मीटरच्या वर ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली जाणारी बोटीची खोली, नको, बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळू साचलेली असते.

आता आकडे. हे घरी बसून मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतात. समजा एक बोट आहे, पाण्याच्या रेषेवर लांबी २९ फूट, रुंदी साडेअकरा फूट, एकूण वजन ७००० किलो, त्यातलं कीलचं २८०० किलो. कीलचं वजन भागिले एकूण वजन, ४० टक्के आलं, चांगलं आहे, ३० च्या खाली असेल तर विचारा का ते. वेगासाठी पाण्यावरच्या लांबीचं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणायचं, ७.२ नॉट (ताशी सागरी मैल) येतात, म्हणजे ताशी तेराएक किलोमीटर, अशी वजनदार बोट ह्याच्या फार वर जात नाही कारण ती स्वतःच्याच लाटेत अडकते. प्रत्यक्षात सरासरी ५ नॉट धरा, चोवीस तासात १२० सागरी मैल, म्हणजे २२२ किलोमीटर, आपलं सोलापूर-पुणे अंतर सुद्धा पूर्ण होत नाही. एवढं समजलं की रेशन, पाणी, झोपायच्या पाळ्या सगळ्याचा हिशोब बदलतो.

अजून एक आकडा काढाच. वजन पौंडात करून ६४ ने भागा, त्याचं घनमूळ काढा, आणि त्याने रुंदीला भागा. आपल्या बोटीचं १.८५ येतं. २ च्या खाली असेल तर उलटली तरी परत सरळ व्हायची शक्यता बरी. १९७९ च्या फास्टनेट रेसमधे, इंग्लंडहून निघणाऱ्या समुद्री शर्यतीत, वादळात १५ स्पर्धकांचा जीव गेला, त्यानंतर बोटींच्या स्थिरतेवर जो अभ्यास झाला त्यातून हा हिशोब आला. तो ढोबळ आहे, वजन खाली आहे का वर हे त्याला कळत नाही, म्हणून स्टॅबिलिटी कर्व्ह मागा आणि बोट किती अंशापर्यंत परत उभी राहते ते बघा, १२० च्या आसपास किंवा वर हवं.

डोलकाठ्यांचं थोडक्यात सांगतो. एक डोलकाठी आणि पुढे एक शीड म्हणजे स्लूप, सोपं. पुढे दोन शिडं असली की कटर, जोराच्या वाऱ्यात पुढचं मोठं गुंडाळून आतलं छोटं ठेवता येतं, लांबच्या प्रवासाला मला हेच पटतं. केचला मागे अजून एक छोटी डोलकाठी, शिडं लहान लहान होतात पण दोऱ्या आणि खर्च वाढतो.

शिडाचं कापड मात्र सोलापूरकराने स्वतः बघावं, कारण ह्यात आपल्या गावाला शिकवायला कोणी नको. डेक्रॉन म्हणजे विणलेलं पॉलिस्टरच, ताणा आणि बाणा. घरातला कुठलाही कापडाचा तुकडा घ्या, धाग्याच्या रेषेत ओढा, फारसा हलत नाही, आता तोच कोपऱ्याकोपऱ्याने तिरका ओढा, लगेच लांबतो. शीड तिरकं लांबलं की त्याला पोट सुटतं, बोट पुढे जायच्या ऐवजी नुसती कलते. म्हणून शिडाचं कापड गच्च विणून, उष्णता देऊन, दाबून, रेझिन लावून कडक करतात, आणि नेहमीच्या आडव्या पट्ट्यांच्या शिडात पट्ट्या अशा जोडतात की बाण्याचा धागा मागच्या कडेला समांतर जातो, कारण सगळ्यात जास्त ताण तिथे. तिथला बाणा जाड आणि सरळ ठेवलेला असतो, वळणं घेतो तो ताणा. जुनं शीड बघताना कापड हातात चुरगाळा, अगदी मऊ चादरीसारखं लागलं तर रेझिन गेलंय. मग शिवणीवर नखाने घासा, दोरा तुटला तर उन्हाने खाल्लाय, कापड ठीक असेल तर नुसती परत शिवून घेता येतं. गुंडाळून ठेवायच्या पुढच्या शिडाला कडेने उन्हापासून वाचवणारी वेगळी पट्टी हवीच.

आत शिरलात की नुसतं उभं न राहता, हाताने धरायला काय काय आहे ते बघा. बोट कललेली असताना पायऱ्यांपासून पुढच्या केबिनपर्यंत एका हाताने धरत जाता आलं पाहिजे. मोठा मोकळा हॉल फोटोत छान दिसतो पण समुद्रात तिथेच माणूस फेकला जातो. शेगडी झुलती हवी, पुढे अडवणारा दांडा हवा, झोपायची जागा अरुंद आणि बाजूला कापडाची आडभिंत असलेली हवी. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली बिल्जमधे, म्हणजे फळ्यांखालच्या तळाच्या पोकळीत, साचतो आणि एका ठिणगीत सगळं जातं, म्हणून सिलिंडरची पेटी वेगळी, बंद आणि बाहेरच्या बाजूला निचरा असलेली आहे का हे डोळ्यांनी बघा, कोणाच्या शब्दावर जाऊ नका. पाण्याच्या टाक्या किमान दोन आणि वेगळ्या, एकीचं पाणी खराब झालं तर दुसरी राहते. काटकसर आपल्याला कोणी शिकवायला नको, तरी पिण्याचं माणशी रोज तीन-चार लिटर वेगळं धराच.

कामाची बोट कशी असते त्याचं उदाहरण हवं असेल तर गोव्यात बांधलेल्या म्हादेई बोटीबद्दल वाचा, ५६ फुटी, डच डिझाईन, हिच्यावर नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मधे एकटे जग फिरून आले. तिचीच बहीण तारिणी, तिच्यावर नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मधे २५४ दिवसात जगाची फेरी पूर्ण केली.

प्रत्यक्ष बघायला जायचं तर रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघा, सकाळी मुंबई, गेट वे समोर लहान किलबोटी नांगरलेल्या दिसतात, आणि कोणी मोठी बोट आतून दाखवलीच तर आधी फळ्या उचलून सीकॉक शोधा. म्हणजे तळाला पाण्याचं जे जे भोक आहे त्यावरचा व्हॉल्व्ह. प्रत्येकाचा दांडा स्वतः फिरवून बघा, अडकला तर लिहून ठेवा, आणि प्रत्येकाशेजारी त्याच मापाची लाकडी खुंटी (व्हॉल्व्ह तुटला तर भोकात ठोकायला) दोरीने बांधलेली आहे का ते बघा.