जुना फ्रीनॅस स्केलवर नेताय? ते अपग्रेडचं बटण आत्ता नको

ज्यांच्या घरी फ्रीनॅस ११ (घरच्या फाइल-सर्व्हरची सिस्टिम) वाला जुना डबा अजून कोपऱ्यात घरघरतोय आणि तो ट्रूनॅस स्केलवर न्यायचाय, त्यांच्यासाठी लिहितेय. पूल (अनेक डिस्क जोडून केलेली एक साठवण), डेटासेट, स्नॅपशॉट हे माहीत आहे असं धरते.

२०२० मध्ये फ्रीनॅसचं ट्रूनॅस कोअर झालं तेव्हा खाली फ्रीबीएसडीच होतं. त्याचंच भावंड ट्रूनॅस स्केल (२०२५ पासून नाव ट्रूनॅस कम्युनिटी एडिशन) डेबियन लिनक्सवर आहे, त्यामुळे जेल्स आणि प्लगिन्स, म्हणजे फ्रीबीएसडीवर चालणारी जोडीची सॉफ्टवेअर, विसरा, ते नव्याने ॲप म्हणून लावायचे. डेटाची मात्र उगाच धास्ती घेऊ नका, पूलची माहिती डिस्कवरच असते, त्यामुळे डिस्क नव्या सिस्टिमने ओळखल्या की पूल इम्पोर्ट होतो, कॉपी वगैरे काही करावं लागत नाही.

आता मी जिथे फसले ते, आणि हे जरा लांबण लावूनच सांगणारे. नवीन सिस्टिम सुरू झाली, पूल इम्पोर्ट झाला, फोटो दिसले, की वर घंटीत एक अलर्ट येतो, पूलसाठी नवीन फीचर फ्लॅग्ज (पूलच्या नव्या सोयी) उपलब्ध आहेत, अपग्रेड करा. वाचून वाटतं राहिलेलं शेवटचं काम असेल. तसं नाहीये. पूल अपग्रेड न करताही नव्या सिस्टिमवर व्यवस्थित चालतो, महिनोन्महिने चालतो. पण एकदा ते बटण दाबलं की नवी फीचर्स चालू होतात, त्यातली काही लगेच वापरातही येतात, आणि मग जुन्या फ्रीनॅसला तो पूल ओळखताच येत नाही, फार तर रीड-ओन्ली उघडेल, तेही नशीब असेल तर. म्हणजे जुनी बूट डिस्क तुम्ही जपून ठेवली असली तरी तिचा उपयोग संपला. आधी पूलचा चेकपॉइंट (अख्ख्या पूलची त्या क्षणाची खूण) घेतला असेल तर मागे जाता येतं, पण त्यानंतर लिहिलेलं सगळं जातं. सिस्टिम अपग्रेड आणि पूल अपग्रेड ही दोन वेगळी कामं आहेत, दुसऱ्याला अजिबात घाई नसते.

"बिनधास्त दाब, काही होत नाही" म्हणणारे दादा प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. त्यांना आधी विचारा, तुमचा बॅकअप कुठे आहे. गप्प बसतात. दहा मिनिटांचे व्हिडिओ तर बघूच नका, त्यात डिस्क कधी खराब निघतच नाही.

मायग्रेशनच्या आधी स्क्रब (पूलवरच्या सगळ्या डेटाची तपासणी) चालवा आणि स्मार्ट रिपोर्टमध्ये, म्हणजे डिस्कच्या तब्येतीच्या अहवालात, पेंडिंग सेक्टर (वाचता न येणारे, संशयित भाग) बघा. शून्य नसेल तर मायग्रेशन बाजूला ठेवा, पहिले डिस्क बदला. आणि आरएआयडी (एखादी डिस्क गेली तरी डेटा राहावा म्हणून डिस्क जोडणं) म्हणजे बॅकअप नव्हे, हे कितीही वेळा ऐकलं असलं तरी एक बाहेरची हार्डडिस्क आणा आणि निदान लग्नाचे-मुलांचे फोटो, घराचे कागद तिच्यावर टाका. जुना पूल जेलीने (GELI, फ्रीबीएसडीचं डिस्क एन्क्रिप्शन) एन्क्रिप्ट केलेला असेल तर इथेच थांबा, लिनक्सला जेली उघडता येत नाही, डेटा आधी दुसऱ्या पूलवर हलवावाच लागेल.

कॉन्फिग (सिस्टिमच्या सेटिंग्जची फाइल) सीक्रेट सीडसकट, म्हणजे साठवलेले पासवर्ड उघडणाऱ्या किल्लीसकट, डाउनलोड करा. जुन्या सिस्टिममधून पूल एक्सपोर्ट करताना डेटा पुसायच्या चौकटीत टिक नाही ना, हे दोनदा बघा. मग मशीन बंद करून डेटा डिस्कच्या केबल काढा, म्हणजे इन्स्टॉलरमध्ये चुकीची डिस्क निवडायची सोयच उरत नाही. हे बावळटपणाचं वाटेल, वाटू दे. स्केल नव्या छोट्या एसएसडीवर टाका, जुन्या बूट पेनड्राइव्हला चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवा. आणि यूपीएस नसेल तर लाइट जायच्या वाराला हे काम काढू नका.

इम्पोर्टनंतर शेअर उघडला पण फाइल उघडत नाही, असं झालं तर घाबरू नका, डेटा गेलेला नाही. फाइलवर मालकाचं नाव नसतं, नंबर असतो. जुन्या सिस्टिमवर तुमचा युजर १००१ असेल आणि नवीन इन्स्टॉलवर त्याला वेगळा नंबर मिळाला असेल तर सिस्टिमच्या लेखी तुम्ही परके. युजर बनवताना तोच जुना युआयडी (युजरचा नंबर) हाताने टाका. ऑनलाइन कोणी सगळीकडे ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) मारायला सांगेल, त्याचं ऐकू नका.

पूल अपग्रेड मी अजूनही केलेला नाही. दोन-तीन रीस्टार्ट, एक पूर्ण स्क्रब, घरातल्या सगळ्यांचे फोन बॅकअप नीट चालू, एवढं झाल्यावर तुमचं तुम्ही ठरवा. अलर्टवर डिसमिस दाबता येतं.