व्हीगन बेक्ड ओटमील: दुधाचे प्रमाण सांभाळले की बाकी सोपे

दूध, अंडी, लोणी आणि तपकिरी साखर यांच्या मिश्रणात ओट्स कालवून ते ओव्हनमध्ये भाजायचे आणि चौकोनी तुकडे करून न्याहारीला खायचे, हा बेक्ड ओटमीलचा मूळ प्रकार अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या आमिश आणि मेनोनाइट समाजांच्या स्वयंपाकाशी जोडला जातो. लापशीपेक्षा घट्ट आणि केकपेक्षा ओलसर असा हा पदार्थ एकदा केला की चार-पाच सकाळी निभावतात, आणि त्यातले प्राणिजन्य घटक काढून टाकणे हे केक किंवा बिस्किटांच्या तुलनेत फारच सोपे असते. केकमध्ये अंडे पीठ फुलवून धरण्याचे काम करते, त्यामुळे ते वगळले की रचना ढासळते. इथे मात्र फुगणे मुळातच बेताचे असल्याने अंड्याकडे फक्त बांधून ठेवण्याचे काम उरते, आणि त्यातलेही बरेचसे ओट्सच करतात. ओट्समधील स्टार्च आणि बीटा-ग्लुकन नावाचा पाण्यात विरघळणारा तंतुमय घटक उष्णतेने दूध शोषून चिकट होतात आणि निवताना घट्ट होतात. म्हणूनच या पदार्थाची भिस्त अंड्याला कोणता पर्याय शोधला यापेक्षा दूध किती घातले आणि पदार्थ किती वेळ निवू दिला यावर अधिक असते.

बीटा-ग्लुकनविषयी थोडे सांगणे योग्य ठरेल, कारण ओट्सच्या लौकिकाचा मोठा भाग त्यावरच उभा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली, ओट्समधून दिवसाला किमान ३ ग्रॅम हा तंतुमय घटक देणारा आणि संपृक्त स्निग्धांश व कोलेस्टेरॉल कमी असलेला आहार हृदयविकाराचा धोका कमी करू शकतो, अशा आशयाचा मजकूर वेष्टनांवर छापण्यास परवानगी दिली. खाली दिलेल्या प्रमाणाचे सहा तुकडे केले तर एका तुकड्यातून साधारण सव्वा ग्रॅम बीटा-ग्लुकन मिळतो. न्याहारी म्हणून हे चांगलेच आहे, पण त्याला औषध समजून दोन तुकड्यांच्या जागी चार खाण्याचे कारण नाही.

ओट्स रोल्ड प्रकारचे, म्हणजे वाफवून सपाट दाबलेले आणि दाणा अखंड दिसणारे घ्यावेत. आपल्याकडे स्वस्त पाकिटांत बहुधा पातळ आणि तुटके, झटपट शिजणारे ओट्स असतात. ते चालतात, पण दूध लवकर पितात आणि शेवटी तुकडा खिरीसारखा मऊ लागतो, म्हणून त्यांच्यासाठी भिजवण्याची वेळ निम्मी करावी. न दाबता फक्त कापलेले दाणे, ज्यांना स्टील-कट म्हणतात, ते या वेळात शिजत नाहीत. आणि मसाला ओट्सचे पाकीट घरात पडून आहे म्हणून ते संपवायची ही जागा नव्हे, हे सांगावे लागू नये. ओट्समध्ये स्वतःचे ग्लुटेन, म्हणजे गव्हातले चिवट प्रथिन, नसते, तरी शेतात आणि गिरणीत त्यांच्यात गहू मिसळू शकतो, त्यामुळे सिलिॲक रोग, म्हणजे ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा आजार, असलेल्यांनी ग्लुटेनमुक्त म्हणून तपासलेलेच पाकीट घ्यावे.

दुधासाठी सोया, बदाम, ओट किंवा नारळ यांपैकी काहीही चालते, मात्र प्रत्येकाचा परिणाम वेगळा होतो. सोयाच्या दुधात प्रथिने सर्वांत जास्त असल्याने तुकडा भरीव होतो. बदामाचे विकतचे दूध बऱ्याचदा फार पातळ असते आणि त्याने पदार्थ हलका, काहीसा कोरडा लागतो. नारळाचे दूध घरी काढत असाल तर पहिले घट्ट दूध वेगळे ठेवावे आणि ओट्स भिजवण्यासाठी दुसरे, पातळ दूध वापरावे, कारण सगळे घट्ट दूध घातल्यास स्निग्धांश इतका होतो की निवल्यावर तुकड्यावर तेलाचा पापुद्रा दिसतो. पहिल्या दुधातले चार चमचे तेलाऐवजी घालता येतात, आणि ही चव कोकणात वाढलेल्यांना नवी वाटणार नाही. विकतच्या दुधात साखर आहे का ते पाहावे आणि असल्यास गूळ कमी करावा. घरी काढलेल्या वनस्पतिजन्य दुधात वरून घातलेले कॅल्शियम किंवा ब-१२ जीवनसत्त्व नसते, त्यामुळे पूर्णपणे व्हीगन आहार घेणाऱ्यांनी ब-१२ची सोय वेगळी करावी.

बांधणीसाठी जवस पुरेसे असतात. चटणीसाठी भाजून ठेवलेले जवस नकोत, कारण त्यांचा खमंग वास सगळ्या पदार्थावर चढतो. कच्चे जवस मिक्सरच्या छोट्या भांड्यात बारीक दळून घ्यावेत, अख्खे दाणे पाण्यात हवा तसा चिकटपणा सोडत नाहीत. दोन मोठे चमचे पूड सहा मोठे चमचे पाण्यात ढवळून दहा मिनिटे ठेवली की ती आळते आणि चमच्याने उचलल्यावर तिची तार सुटते. तार सुटली नाही तर आणखी पाच मिनिटे थांबावे, पाणी वाढवू नये. दळलेल्या जवसातले तेल हवेने खवट होते, म्हणून लागेल तेवढीच पूड करावी आणि उरलेली फ्रीजमध्ये ठेवावी.

आता प्रमाण पाहू. वीस सेंटिमीटर चौरस आणि पाच सेंटिमीटर खोल अशा डब्यासाठी २०० ग्रॅम ओट्स, ४५० मिलिलिटर दूध, साल काढून २०० ग्रॅम भरतील इतकी दोन मोठी पिकलेली केळी, वर सांगितलेले भिजवलेले जवस, ६० ग्रॅम गूळ, दोन मोठे चमचे तेल, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा दालचिनीची पूड घ्यावी. सोबत ५० ग्रॅम अक्रोड किंवा बदामाचे तुकडे, ५० ग्रॅम बेदाणे आणि एका सफरचंदाच्या बारीक फोडी. वाटीने मोजायचे झाल्यास मोजमापाचा २४० मिलिलिटरचा कप धरावा, त्यात सुमारे ९० ग्रॅम ओट्स बसतात. घरातल्या वाट्या इतक्या वेगवेगळ्या मापांच्या असतात की या पदार्थापुरता तरी वजनकाटा काढलेला बरा. बेकिंग पावडरऐवजी तेवढाच सोडा घालू नये, त्याने साबणासारखी चव येते. दालचिनी आवडत नसेल तर वेलची-जायफळ घालावे, गुळाशी त्यांचे चांगले जमते.

केळी सालीवर काळे ठिपके आलेली हवीत. जळगावच्या मोठ्या केळ्यांची दोन पुरतात, वेलची केळी असल्यास पाच-सहा लागतील. ती ताटात काट्याने गुठळी न राहीपर्यंत कुस्करावीत, कारण राहिलेली गुठळी भाजल्यावर करड्या, ओल्या ठिपक्यासारखी दिसते. गूळ किसून थोड्या कोमट दुधात विरघळवावा आणि गाळणीतून गाळून घ्यावा, रसायनविरहित म्हणून मिळणाऱ्या गुळात बारीक खडे आणि चोथा हमखास सापडतो. उरलेले दूध फ्रीजमधून काढून लगेच वापरू नये. खोबरेल तेल घेतले असेल तर थंड दुधात त्याचे पांढरे मणी होतात आणि ते नंतर कितीही ढवळले तरी मिसळत नाहीत.

मोठ्या पातेल्यात केळी, गुळाचे दूध, उरलेले दूध, जवस, तेल, मीठ आणि दालचिनी एकजीव करावी, त्यात ओट्स घालून पंधरा मिनिटे झाकून ठेवावे. बेकिंग पावडर या टप्प्यावर घालू नये, नाहीतर तिचा जोर भिजण्यातच जातो. पंधरा मिनिटांनी ती गाळून शिंपडावी आणि सुकामेवा व सफरचंदाच्या निम्म्या फोडींसह हलक्या हाताने मिसळावी. या वेळी मिश्रण चुकल्यासारखे दिसते. पळीने बाजूला सारले की रिकाम्या जागेत दूध धावत येते आणि ओट्स त्यात सुटे फिरतात. याच क्षणी बहुतेकांचा हात ओट्सच्या डब्याकडे जातो, आणि पदार्थ कोरडा व भुसकट होण्याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. मिश्रण असेच पातळ असायला हवे. ते तेल लावलेल्या डब्यात ओतून उरलेल्या फोडी आणि थोडे अक्रोड वर पसरावेत.

ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर दहा मिनिटे आधी तापवावा आणि डबा मधल्या जाळीवर ठेवून ३५ ते ४० मिनिटे भाजावे. काचेच्या भांड्याला पाच-सात मिनिटे जास्त लागतात, आठ इंची गोल केकच्या डब्यालाही तसेच, कारण त्यात थर जाड बसतो. लहान ओटीजीत वरची सळई जवळ असते आणि बेदाणे जळून कडू होतात, म्हणून ते आत दाबून टाकावेत आणि वरचा भाग लवकर तांबूस झाल्यास वरची सळई बंद करावी. मायक्रोवेव्हमध्ये करायचे असल्यास कन्व्हेक्शनवरच करावे. ओव्हन नसेल तर निम्मे प्रमाण घेऊन सात इंची डब्यात, शिट्टी आणि रबर काढलेल्या मोठ्या कुकरमध्ये हे होते. तळाशी मीठ पसरून त्यावर स्टँड ठेवावा, मध्यम आचेवर कुकर दहा मिनिटे तापवावा, मग डबा आत ठेवून मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटे भाजावे. वरचा भाग फिकटच राहतो, त्यावर उपाय पुढे आहे.

झाले की नाही हे पाहायला सुरी किंवा काडी खुपसण्याची पद्धत इथे फसवी ठरते, कारण केळ्यामुळे आणि फळांमुळे काडी ओलीच निघते. त्याऐवजी मधोमध चमच्याच्या पाठीने हलके दाबावे. कडा डब्यापासून किंचित सुटलेल्या असाव्यात आणि दाबल्यावर मध्यभाग लवचीक लागावा, पण दूध वर येता कामा नये. आल्यास आणखी सात-आठ मिनिटे ठेवावे. त्यानंतर डबा बाहेर काढून किमान वीस मिनिटे हात लावू नये. गरम सांजा थाळीत थापल्यावर थोड्या वेळाने जसा वडी पडण्याइतका आळतो, तसाच हा प्रकार आहे, आणि ओव्हनमधून काढल्या काढल्या कापल्यास पळीने वाढावे लागते. सकाळी वाटीत घालून वर गरम दूध ओतून खायचे असेल तर तेही वाईट नाही, पण सुबक तुकडे हवे असतील तर पूर्ण गार करून, शक्य झाल्यास रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून मगच कापावे.

डब्यात नेण्यासाठी किंवा मुलांच्या हातात देण्यासाठी घट्ट तुकडे हवे असल्यास दूध ३५० मिलिलिटर घ्यावे आणि आठ-दहा मिनिटे जास्त भाजावे. अशा तुकड्यात एक मोठा चमचा शेंगदाण्याचे किंवा तिळाचे कूट घातले तर तो अधिक चांगला धरून राहतो.

केळे न आवडणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि त्यांच्यासाठी माझी पसंती लाल भोपळ्याला आहे. घारगे आवडणाऱ्या घरात तर याच रूपाची मागणी वाढेल. भोपळा वाफवून, पाणी निथळून २०० ग्रॅम गर घ्यावा, गूळ ९० ग्रॅमपर्यंत वाढवावा आणि दालचिनीऐवजी जायफळ घालावे. आंब्याच्या दिवसांत तेवढाच आमरस चालतो, पण तो पातळ असल्याने दूध ५० मिलिलिटरने कमी करावे. स्ट्रॉबेरीला पाणी सुटते, म्हणून ती मिश्रणात न घालता फक्त वर लावावी.

व्हीगन पदार्थ करताना चूक पाककृतीत क्वचितच होते, ती सवयीत होते. डब्याला आतून तूप लावणे, गोडी कमी वाटली म्हणून मध घालणे, वरून चॉकलेटचे तुकडे टाकताना त्यात दुधाची भुकटी आहे का हे न पाहणे, ही त्याची नेहमीची उदाहरणे आहेत. वेष्टनावरील हिरवा ठिपका फक्त शाकाहाराची खूण आहे आणि दुग्धजन्य पदार्थांवरही तो असतो. व्हीगन पदार्थांसाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०२२चे वेगळे नियम आहेत आणि त्यांची इंग्रजी ‘व्ही’ अक्षराची हिरवी खूणही वेगळी आहे. ती नसेल तेव्हा घटकांची यादी वाचण्याला पर्याय नाही.

पदार्थ ओलसर असल्याने आपल्या हवेत, विशेषतः पावसाळ्यात, तो रात्रभर बाहेर ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये तो चार दिवस चांगला राहतो. तुकड्यांच्या मध्ये बटर पेपर घालून फ्रीजरमध्ये ठेवल्यास दोन महिने टिकतो. गोठलेला तुकडा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या भागात काढून ठेवावा आणि सकाळी मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर गरम करावा. वेळ असेल तर त्याहून चांगला मार्ग म्हणजे तव्यावर थेंबभर तेल टाकून तो दोन्ही बाजूंनी तांबूस होईपर्यंत परतणे. गुळामुळे कडा कुरकुरीत होतात, आतला भाग मऊ राहतो, आणि कुकरमध्ये केलेल्या फिकट तुकड्यालाही त्याने रंग येतो.