ईडीआय टीम हाती घेणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

ईडीआय म्हणजे कंपन्यांनी ऑर्डर, इन्व्हॉइस असे कागद ठरलेल्या साच्यातल्या फाइलींनी एकमेकांच्या सिस्टिमला पाठवणं. ईडीआय टीमचा लीड म्हणून नव्याने बसणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न टीमला विचारून बघायला सांगते. रोज सकाळी येणारी ऑर्डरची फाइल आज आलीच नाही, तर हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? बऱ्याच ठिकाणी उत्तर मिळतं, 'गोदामातून फोन येतो.' तसं असेल तर कामाला सुरुवात तिथूनच करा.

फाइल फुटली की एरर येते, अलर्ट जातो, कुणीतरी उठून बघतं. न आलेल्या फाइलला एरर नसते. स्क्रीनवर सगळं हिरवंगार दिसतं आणि तिकडे ट्रक रिकामा उभा असतो. म्हणून प्रत्येक मोठ्या ट्रेडिंग पार्टनरसाठी (ज्या कंपनीशी फाइलींची देवाणघेवाण होते तिच्यासाठी) कोणता डॉक्युमेंट साधारण किती वाजता आणि किती संख्येने येतो, याचा तक्ता हवाच. डॉक्युमेंट अपेक्षित वेळेला आला नाही तर अलर्ट वाजायला हवा. हे करायला महागडं टूल लागत नाही, एक साधी क्वेरी पुरते. लागते ती चिकाटी, कारण सुट्ट्या, महिनाअखेर, सीझन यांमुळे सुरुवातीला खोटे अलर्ट भरपूर येतात आणि टीम वैतागते. वैतागू द्या, पण अलर्ट बंद करू देऊ नका.

टीममधल्या नव्या मुलांना पहिले काही आठवडे मॅपिंग टूलपासून (पार्टनरच्या फाइलमधली माहिती आपल्या सिस्टिमच्या साच्यात बसवणारा 'मॅप' बनवायचं सॉफ्टवेअर) लांब ठेवा. त्यांना कच्ची फाइल वाचायला लावा. एक्स१२ (अमेरिकेतलं ईडीआयचं मानक) मधला आयएसए सेगमेंट, म्हणजे फाइलची पहिली ओळ, नेमका १०६ कॅरॅक्टरचा का असतो, हे त्यांनी स्वतः शोधून काढावं. चौथ्या जागेवरचं चिन्ह म्हणजे एलिमेंट सेपरेटर (माहितीचे तुकडे वेगळे करणारं) आणि १०६व्या जागेवरचं म्हणजे सेगमेंट टर्मिनेटर (सेगमेंट संपल्याची खूण). पुढची सगळी फाइल कशी वाचायची ते यावर ठरतं, त्यामुळे एका जागेची कमी-जास्तसुद्धा चालत नाही. त्याच सेगमेंटमध्ये 'टी' की 'पी', म्हणजे टेस्ट की प्रॉडक्शन, हेही लिहिलेलं असतं. गो-लाइव्हच्या दिवशी हे एक अक्षर दोघांनी तपासावं. एडिफॅक्टवाले (संयुक्त राष्ट्रांचं मानक वापरणारे) पार्टनर असतील तर ८५० (खरेदीची ऑर्डर) च्या जागी ऑर्डर्स, ८५६ (माल निघाल्याची आगाऊ सूचना) च्या जागी डेसअ‍ॅडव्ह आणि ८१० (इन्व्हॉइस) च्या जागी इन्व्हॉइक. व्याकरण वेगळं असलं तरी व्यवहार तोच.

आता ९९७ बद्दल, म्हणजे फाइल मिळाल्याची जी पोच (अ‍ॅक) येते तिच्याबद्दल, कारण नव्या लीडची सर्वाधिक दिशाभूल तोच करतो. ९९७ मध्ये 'अ‍ॅक्सेप्टेड' आलं म्हणजे समोरच्याला फाइलची रचना बरोबर वाटली, एवढंच. मजकूर बरोबर आहे की नाही, ऑर्डर मान्य झाली की नाही, याबद्दल तो काहीही सांगत नाही. पार्टनरने १० खोके मागितले, आपल्या मॅपने एककाचा कोड सरसकट 'नग' धरला, तर १० नग रवाना होतील आणि ९९७ शेवटपर्यंत स्वच्छ राहील. त्यामुळे 'आमच्याकडून फाइल गेली, अ‍ॅकही आला' हे वाक्य माझ्या टीममध्ये कुठल्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून चालत नाही. ऑर्डर ईआरपीत (कंपनीच्या मुख्य व्यवहाराच्या सिस्टिममध्ये) योग्य प्रमाणात उतरली का, ते सांगा.

यातला सगळ्यात महाग डॉक्युमेंट ८५६. माल पोचण्याआधी तो पोचावा लागतो. त्यात शिपमेंट, ऑर्डर, पॅक, आयटम अशी उतरंड असते आणि खोक्यावरच्या लेबलचा १८ अंकी एसएससीसी (त्या खोक्याचा ओळख क्रमांक) फाइलमधल्या आकड्याशी जुळावा लागतो. जुळला नाही तर मोठे रिटेलर चार्जबॅक, म्हणजे दंड, लावतात. हे पैसे आपल्या इन्व्हॉइसमधून परस्पर वजा होतात आणि अकाउंट्सला बऱ्याच उशिरा लक्षात येतं. अकाउंट्समधल्या त्या माणसाशी ओळख वाढवा. आपल्या टीमच्या कामाची खरी प्रगतिपुस्तिका त्याच्या एक्सेलमध्ये असते. मॅनेजमेंटपुढे मीही 'किती तिकिटं बंद केली' हा आकडा ठेवत नाही. वजावट किती कमी झाली आणि ऑर्डर अडकून किती वेळ पडल्या, एवढं दाखवते.

कामाची वाटणी करताना मॅप बनवणारे वेगळे आणि सपोर्टवाले वेगळे, अशी भिंत घालू नका. ज्याने मॅप लिहिला त्यानेच गो-लाइव्हनंतरचे पहिले काही आठवडे फोन घ्यावेत. पुढचा मॅप आपोआप शहाणा होतो. प्रत्येक पार्टनरला एक मालक आणि एक जोडीदार असावा आणि ही जोडी अधूनमधून बदलावी. नाहीतर 'तो पार्टनर ना, तो फक्त त्यालाच कळतो' अशी स्थिती येते, आणि तो नेमका रजेवर असतो.

टेस्टिंगला पार्टनरने दिलेला नमुना पुरत नाही. तो नेहमी गुळगुळीत असतो. ८६० ने (ऑर्डर बदलाच्या डॉक्युमेंटने) बदललेली ऑर्डर, अर्धवट रवाना झालेला माल, रद्द झालेली ओळ, लांबलचक पत्ता, एवढं तरी चालवून बघा. निकालावर सही मात्र विक्री विभागाची घ्या.

दोन रखवाल्या कायमच्या. एएस२ (इंटरनेटवरून फाइली सुरक्षित पाठवायची पद्धत) सर्टिफिकेटची मुदत कधी संपते याची यादी ठेवा, आणि पार्टनरशी बोलणं खूप आधी सुरू करा, कारण त्यांच्याकडे बदलाची परवानगी सावकाश मिळते. दुसरं, फाइल पुन्हा पाठवण्याआधी पलीकडची सिस्टिम कंट्रोल नंबरवरून (फाइलवरच्या अनुक्रमांकावरून) डुप्लिकेट ओळखते का, ते विचारा. ओळखत नसेल तर एका ऑर्डरचे दोन ट्रक निघतात.

एपीआय (दोन सिस्टिमनी एकमेकींशी थेट बोलायची पद्धत) आल्यामुळे हे सगळं संपणार का, असं नवी मुलं विचारतात. १९९८ मध्ये एक्सएमएल (माहिती लिहायचा एक साचा) आलं तेव्हाही हेच बोललं जायचं. एपीआय शिकाच, पण मोठ्या खरेदीदारांच्या गाइडमध्ये ८५० आणि ८५६ अजून ठाण मांडून आहेत.

टीममध्ये माणूस घेताना मी छापलेली एक ८५० हातात देते. तिच्या एसई मधली (डॉक्युमेंटच्या शेवटच्या सेगमेंटमधली) सेगमेंटची संख्या मुद्दाम एकाने चुकवलेली असते. काही जण मोजून चूक काढतात, ते चांगलंच. काही जण मोजता मोजता विचारतात, 'ही कंपनी विकते काय?' त्यांना मी दुसऱ्या फेरीला नक्की बोलावते.