पाड्यावर रेसिडेन्सीला जाताय? आधी भाताचं वेळापत्रक बघा

मुंबईहून डहाणू-जव्हारच्या वारली पाड्यावर महिनाभर राहून चित्रं काढायची असतील, तर तारखा आपल्या सुट्टीप्रमाणे ठरवू नका. जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी असते. घरातला प्रत्येक हात चिखलात, तुमच्याशी बोलायला कोण थांबणार? शिवाय कागद दमट होतो तो वेगळाच. भात घरात आल्यावर, डिसेंबरनंतर जा.

पहिले चार दिवस वही पिशवीतच राहू द्या. पाणी भरा, चुलीपाशी बसा, ऐका. लग्नघरी सवाशिणी शेण-गेरूच्या भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं वारली चित्र, ‘लिहितात’, काढत नाहीत. तांदळाच्या पिठाचं पांढरं पाणी, टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी, बस्स. तो विधी आहे, फोटोआधी विचाराच. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तरी मूळ हात या बायकांचा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तिथल्या आकृत्या उचलून आपल्या नावावर विकू नका. शिकवणाऱ्या बाईला तिच्या दिवसाची मजुरी द्या, आणि ती किती ते पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

विरारहून डहाणू लोकल मिळते. पुढच्या एसटीची वेळ मात्र स्टँडवरच विचारा.